देऊळ, ओसरी आणि चावडी

आजच्या भाषणाचा विषय जरा अवघड आहे. ख्रिस्ती मंडळ्यांनी, म्हणजे आपण ज्यांना चर्च म्हणतो त्या धर्मसंस्थांनी, समाजाच्या आणि राज्यकारभाराच्या प्रश्नांत पडावे की पडू नये, असा तो विषय आहे. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा आहे असे मात्र कुणी समजू नये. देवाचे नाव घेणारी कोणतीही संस्था भरल्या समाजात उभी असते. तिच्या दाराशी अन्याय झाला तर तिने दार उघडावे की आतून कडी घालावी, हे कधी ना कधी तिला ठरवावेच लागते.

मी हा प्रश्न प्रथम ऐकला तो ग्रंथात नव्हे, आमच्या देवळाच्या ओसरीवर. आमच्याकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत. १९७२ साली पाऊस गेला आणि पुढचा उन्हाळा आमच्या जिल्ह्याने कसा काढला हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले आमचे गाव. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. निम्मे गाव खडी फोडायला जाई. तांबडी मिलो ज्वारी आणि मुलांना मिळणारी सुकडी एवढ्यावर घरे चालत. अशात एका कामावरची मजुरी तीन आठवडे वाटली गेली नाही. हजेरीपटावर नावे होती, पण हातात पैसा नव्हता.

रविवारी उपासना संपल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी सांगितले, "ओसरीवर एक अर्ज ठेवला आहे. मजुरी मिळावी म्हणून तो मामलेदार कचेरीत द्यायचा आहे. ज्यांना सही करायची, अंगठा द्यायचा, त्यांनी द्यावा. आपल्या मंडळीबाहेरचे लोकही येणार आहेत." त्याबरोबर पंचांपैकी एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, देवळात राजकारण नको." ते गृहस्थ म्हणजे माझे वडील. ते मिशनच्या शाळेत शिक्षक होते.

आई काही बोलली नाही. ती ओसरीवर जाऊन बसली आणि ज्या बायकांना लिहिता येत नव्हते त्यांची नावे लिहू लागली. बायका अंगठा उमटवीत आणि बोट पदराला पुशीत. त्यांत ख्रिस्ती होत्या, मराठा होत्या, वंजारी होत्या. शेवटी आईने आपलेही नाव घातले. दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोलले नाही.

त्या दोन दिवसांत कोण बरोबर होते, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तो आज आपल्यापुढे मांडतो.

आधी माझ्या वडिलांची बाजू सांगतो. कारण ती दिसते तितकी पोकळ नाही. त्यांचे म्हणणे असे, की देऊळ हे माणसाला देवापाशी नेण्यासाठी आहे. तिथे काँग्रेसवाला येतो, कम्युनिस्ट येतो, कुणाचाच नसलेलाही येतो. व्यासपीठावरून एक मत सांगितले, की ज्याला ते पटत नाही त्याला देवाचे घरही परके होते. शिवाय धर्मगुरूला पवित्र शास्त्र कळत असेल. पाटबंधारे, करपद्धती आणि कायदा यांत तो इतरांइतकाच अडाणी असण्याचा संभव आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे इतिहास. रोमच्या साम्राज्यात पहिली तीन शतके ख्रिस्ती लोकांचा छळ झाला; पुढे ३८० साली तोच धर्म राज्याचा अधिकृत धर्म ठरला, आणि छळ सोसणाऱ्यांचे वारस हळूहळू छळ करू लागले. फार लांब जायला नको. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज राजसत्ता आणि धर्मसत्ता हातात हात घालून चालल्या. तिथे १५६० साली सुरू झालेले धर्मसमीक्षण, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, ते कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. चर्चच्या हाती राजदंड आला म्हणजे काय होते, हे कोकणातल्या माणसाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

तेव्हा "देवळात राजकारण नको" या म्हणण्यात अनुभवाचे शहाणपण आहे. प्रश्न एवढाच, की ते शहाणपण कुठवर पुरते?

या प्रश्नाचा कस ज्या देशात पुरेपूर लागला तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. तिथे चर्च दोन्ही बाजूंना उभे होते. म्हणून त्या देशाची कथा जरा सविस्तर सांगतो.

डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांचे तिथले मोठे चर्च म्हणजे डच रिफॉर्म्ड चर्च. त्या चर्चच्या १८५७ सालच्या महासभेत एक प्रश्न निघाला. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या उपासना वेगळ्या असाव्यात काय? महासभेने सांगितले, की शास्त्राप्रमाणे एकत्र असणेच योग्य. परंतु काही जणांच्या दुबळेपणामुळे ते जमत नसेल तर वेगळी सोय करायला हरकत नाही. पाहा, किती सौम्य ठराव आहे हा! कुणाचा द्वेष नाही, कुणाला शिवी नाही. चारचौघांच्या मनाची थोडी सांभाळणूक, इतकेच. पण १८८१ साली त्या सांभाळणुकीतून मिश्रवर्णीयांचे वेगळे चर्च निघाले. आज जे सवलत म्हणून दिले ते उद्या रीत झाले, आणि परवा त्या रीतीला शास्त्राचा आधार शोधण्यात आला. १९४८ साली वर्णभेदाचे, अपार्थाइडचे, धोरण घेऊन जो पक्ष निवडून आला त्याचे पुढारी आणि नवे पंतप्रधान डॅनियल मलान हे स्वतः याच चर्चचे एके काळचे धर्मोपदेशक होते.

म्हणजे चर्च राजकारणात नव्हते असे नाही. ज्या बाकावर सत्ता बसली होती त्याच बाकावर ते बसले होते, म्हणून त्याचे राजकारण कुणाला दिसत नव्हते, इतकेच. गप्प बसण्यालाही एक बाजू असते, ती अशी. कुस्तीत एक जण छातीवर बसला आहे आणि दुसरा खाली पडला आहे. अशा वेळी "मी कुणाचाच नाही" असे म्हणून जो निघून जातो, तो वर बसलेल्याचा होतो.

याच चर्चमध्ये बायर्स नॉडे नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांचे वडील धर्मोपदेशक, आणि गोऱ्या आफ्रिकानेर समाजाची जी गुप्त आणि प्रबळ संघटना होती तिच्या संस्थापकांपैकी एक. मुलगाही १९४० साली त्या संघटनेत गेला. मान होता, पद होते, पुढे मोठी वाट होती. १९६० च्या मार्च महिन्यात शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे मेली. त्या वर्षाच्या डिसेंबरात जोहान्सबर्गमधील कॉटेस्लो येथे निरनिराळ्या चर्चांचे प्रतिनिधी जमले. मिश्रविवाहावर बंदी घालायला शास्त्रात आधार नाही, आणि जो देशात कायमचा राहतो त्याला राज्यकारभारात वाटा असला पाहिजे, अशा अर्थाचे निवेदन त्यांनी काढले. पंतप्रधान फेरवुर्ट रागावले. डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रांतिक महासभांनी आपल्याच प्रतिनिधींनी मान्य केलेले निवेदन नाकारले. नॉडे यांनी मात्र माघार घेतली नाही. १९६३ साली त्यांच्यापुढे प्रश्न आला, की व्यासपीठ ठेवायचे की सर्व वर्णांच्या लोकांना एकत्र आणणारी नवी ख्रिस्ती संस्था चालवायची? त्यांनी व्यासपीठ सोडले. निरोपाच्या उपदेशासाठी त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतला तो प्रसंग घेतला, जिथे प्रेषित न्यायसभेपुढे उभे राहून माणसाच्या हुकमापेक्षा देवाचा हुकूम वरचा मानतात. १९७७ ते १९८४ अशी सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम लावला. एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटायचे नाही, आणि त्यांचे शब्द कुणी छापायचे नाहीत. ज्याच्या उपदेशाला मोठी मंडळी जमत असे, त्याला आता एकेका माणसाशी बोलावे लागले.

याच देशात आपले गांधीजी घडले, आणि तिथल्या एका धर्मोपदेशकाचे ऋण आपल्यावर आहे. १९०८ च्या फेब्रुवारीत जोहान्सबर्गच्या रस्त्यात गांधीजींना मार बसला. तेव्हा जोसेफ डोक नावाच्या बॅप्टिस्ट उपदेशकांनी त्यांना आपल्या घरी नेले, आणि त्या कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली. गोऱ्यांच्या मंडळीचा उपदेशक एका हिंदी चळवळ्याला घरात घेतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्याच डोकांनी पुढच्या वर्षी गांधीजींचे पहिले चरित्र लिहिले. त्यांनी केले ते राजकारण होते की शेजारधर्म? मला वाटते, त्या दोहोंमधली रेघ जखमी माणसाच्या उशाशी बसल्यावर पुसट होते.

परंतु, श्रोते हो, चर्चने उतरावे असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. कसे उतरावे हा त्याहून अवघड प्रश्न आहे, आणि त्यासाठी मी डेस्मंड टूटू यांच्याकडे बोट दाखवीन. १९८४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९८६ साली ते केपटाउनचे आर्चबिशप झाले, आणि २०२१ च्या डिसेंबरात वारले. सरकारशी ते कसे भांडले हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची आपल्या माणसांशी झालेली भांडणे.

१९८५ च्या जुलैत डुडुझा नावाच्या काळ्या वस्तीत एक अंत्ययात्रा चालली होती. जमावाला एका माणसाचा संशय आला, की हा पोलिसांचा खबऱ्या आहे. त्याला मारीत मारीत पेटत्या मोटारीकडे ओढून नेऊ लागले. टूटू आणि त्यांच्याबरोबरचे बिशप त्या गर्दीत शिरले आणि त्यांनी त्या माणसाला सोडवले. ज्या लोकांसाठी जन्मभर झगडायचे, त्यांच्याच तोंडावर "हे पाप आहे" असे सांगणे सरकारला सांगण्यापेक्षा कठीण असते. पुढे १९९० साली राजकीय पक्षांवरची बंदी उठली तेव्हा टूटू आणि त्यांच्या सहकारी बिशपांनी ठरवले, की आपल्या धर्मगुरूंनी कोणत्याही पक्षाचे सभासद होऊ नये. पुष्कळांना ते रुचले नाही. इतकी वर्षे रस्त्यावर आणि आता घरी? पण त्यात मर्म होते. १९९४ साली मंडेलांचे सरकार आले आणि नव्या राज्यकर्त्यांनी आपले पगार भरघोस ठेवले, तेव्हा त्यांना पहिला टोला टूटूंनी दिला. सत्य आणि सलोखा आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९९८ साली त्या आयोगाच्या अहवालात मुक्तिलढ्यातल्या पक्षाच्याही चुका नोंदवलेल्या होत्या. तो पक्ष प्रकाशन थांबवण्यासाठी कोर्टात गेला, आणि हरला. टूटू त्या पक्षाचे सभासद असते तर हे धैर्य त्यांना झाले असते काय?

आणि त्या पहिल्या चर्चचे काय झाले, तेही सांगतो. १९८६ साली डच रिफॉर्म्ड चर्चने आपले दार सर्व वर्णांना उघडले. १९९० च्या नोव्हेंबरात रस्टनबर्ग येथे चर्चांची परिषद भरली. तिथे स्टेलनबॉशचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर उठले, आणि वर्णभेदाच्या पापात आपला आणि आपल्या चर्चचा वाटा आहे अशी त्यांनी जाहीर कबुली दिली. टूटू जागेवरून उठले आणि त्यांनी ती क्षमायाचना स्वीकारली. १८५७ पासून मोजले तर एका सौम्य ठरावाची कबुली द्यायला १३३ वर्षे लागली.

आता घराकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न निराळ्या वेषात आला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली नगरास. नगरला सिंथिया फरार या बाईंनी मुलींची शाळा चालवली. ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि सावित्रीबाईंना शिक्षिकेचे शिक्षण फरारबाईंकडे मिळाले. मुलींना आणि अस्पृश्यांना एका फळ्यापुढे बसवणे हे त्या काळच्या समाजाला कोणत्याही मोर्चापेक्षा अधिक झोंबले. पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला गेल्या. केडगावला त्यांनी दुष्काळातल्या अनाथ मुलींना आसरा दिला. आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेतील दोषांवर वर्तमानपत्रातून टीकाही केली. त्या ख्रिस्ती होत्या आणि सरकारही ख्रिस्ती धर्माच्या राणीचे होते. पण म्हणून त्यांची लेखणी अडली नाही.

अलीकडचे उदाहरण वसईचे. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागायतीवर बांधकामाचे संकट आले, तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्यात पुढे होते. केळीच्या बागा, विहिरींचे गोडे पाणी आणि बिल्डरांची दहशत यांवर एक धर्मगुरू बोलतो, हे काहींना खटकले. पण गोड्या विहिरीत खारे पाणी शिरले तर ते कुणाची जात-धर्म विचारीत नाही. त्या लढ्यात सर्व धर्मांची माणसे आली. हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ च्या जुलैत गेले.

आता एक नाजूक प्रश्न. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा जो आदेश आहे, त्याचा लाभ १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र तो मिळालेला नाही. चर्चांनी यासाठी वर्षानुवर्षे मागणी केली आहे. मागणी रास्त आहे असे मला वाटते. पण ती करताना चर्चला एक प्रश्न ऐकावाच लागतो: "तुमच्या घरात जात नाही ना?" आणि खरे उत्तर असे आहे, की आहे. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमी वेगळी आहे. आमच्याकडेही सोयरीक जुळवताना कोण कुठल्या वाड्यातून आले ते हळूच विचारले जाते. सरकारदरबारी न्याय मागायचा आणि मेलेल्या माणसाला मातीतसुद्धा पंक्तिभेद, हे कसे चालेल? १८५७ चा तो सौम्य ठराव केवळ दक्षिण आफ्रिकेतच झाला असे कुणी म्हणू नये.

या सगळ्यातून मला तीन कसोट्या दिसतात. पहिली अशी, की चर्च जे मागते ते कुणासाठी? केवळ आपल्या माणसांसाठी मागत असेल तर ती एक वकिली झाली. अडलेल्या कुणाहीसाठी मागत असेल तर तो धर्म. दुसरी अशी, की उद्या आपल्या मर्जीतले लोक गादीवर आले तरी ते हेच बोलेल काय? बोलणार असेल तर आज त्याला बोलण्याचा अधिकार आहे. यातच हेही येते, की मत कुणाला द्यावे हे व्यासपीठावरून सांगू नये. धर्माच्या नावाने मते मागणे हा आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे निवडणुकीतला भ्रष्टाचार आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ अधिकच व्यापक केला. हे बंधन चर्चला जाचक नाही, उलट उपकारकच आहे. आणि तिसरी कसोटी, स्वतःचे अंगण झाडले आहे काय? झाडून संपेपर्यंत गप्प बसा, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर कुणीच कधी बोलणार नाही. पण केरसुणी हातात दिसली पाहिजे.

आपल्या गावात देऊळ असते, देवळाला ओसरी असते, आणि पलीकडे चावडी असते. देवळाने चावडीवर जाऊन बसू नये आणि चावडीने गाभाऱ्यात शिरू नये. पण ओसरी कशासाठी असते? वाटसरू टेकावा, पावसात कुणी आडोशाला यावे, अडलेल्याचे ऐकून घ्यावे, यासाठीच ना? चर्चचे समाजातले स्थान मला त्या ओसरीवर दिसते.

आता त्या अर्जाचे काय झाले, ते सांगून संपवतो. पाळकसाहेब आणि गावातले दोघे तो अर्ज घेऊन मामलेदार कचेरीत गेले. पंधरवड्याने दोन आठवड्यांची मजुरी वाटली गेली. तिसऱ्या आठवड्याची कधीच मिळाली नाही. वर्षाच्या आत पाळकसाहेबांची दुसऱ्या गावी बदली झाली. कुणी तक्रार केली होती म्हणतात. कुणी, ते कळले नाही. देऊळ मोडले नाही. उलट त्या नाताळात ओसरीवर अशा काही बायका आल्या, ज्या पूर्वी कधी आमच्या फाटकाच्या आत आल्या नव्हत्या. आत आल्या नाहीत, ओसरीवरच बसल्या. आईने त्यांना करंज्या दिल्या.

वडील पुढे थकले. एकदा संध्याकाळी अंगणात बसले असताना आपण होऊन म्हणाले, "त्या दिवशी मी देवळासाठी बोललो असं मला वाटत होतं. पण शाळा अनुदानावर चालायची, कचेरीत आपलं नाव जायला नको, हेही मनात होतं रे. कुठलं किती होतं, ते मला आजही सांगता येत नाही."

मी त्यांना दोष देत नाही. चार मुलांचे पोट त्यांच्या पगारावर होते. पण "देवळात राजकारण नको" असे मी जेव्हा जेव्हा ऐकतो, आणि अधूनमधून माझ्याही तोंडी ते येते, तेव्हा वडिलांचा तो प्रश्न मी स्वतःला विचारतो: यात देवळाची काळजी किती, आणि माझी किती?